पेशींचा अखंड उपसा

आमच्या शाळेच्या आवारांत, दक्षिणेकडील कुंपणालगत, पिवळ्या कण्हेरीचीं पांच झाडें आहेत. मुलें तिला बिट्टी म्हणतात. तीं झाडें कोणीं लाविलीं हें आज सांगतां येत नाहीं. परंतु गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत, पाणी फारसें लागत नाहीं आणि घंटेच्या आकाराचीं पिवळीं फुलें वर्षाचा बराच काळ झाडावर दिसतात, ह्या तीन गुणांमुळें कुंपणास तिच्यासारखें दुसरें झाड नाहीं, असा आमचा परवांपर्यंत समज होता. तिच्या हिरव्या फळाच्या आंत एक कठीण आठळी असते. ती खेळावयास बरी, म्हणून मुलें ती नेहमींच वेचतात.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पांचवींतील एका मुलानें अशी एक आठळी दगडानें फोडली, आणि आंतील बी शेंगदाण्यासारखी दिसली म्हणून ती चावली. कडू लागल्यावर त्यानें अर्धी थुंकून टाकिली, अर्धी पोटांत गेली. थोड्या वेळानें त्यास वांत्या होऊं लागल्या. आम्हीं ती अपचनाची बाब समजून त्यास बांकावर निजवून ठेविलें व लिंबाचें सरबत दिलें. ह्या आमच्या अज्ञानांत अर्धा तास गेला, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. शेवटीं त्याच्या सोबत्यानें घाबरत घाबरत येऊन "सर, त्यानें बिट्टी खाल्ली आहे," असें सांगितलें, तेव्हां आम्ही त्यास घेऊन रुग्णालयाकडे धांवलों. त्याची नाडी मंद व अडखळत चालली होती. डॉक्टरांनीं छातीस तारा लावून हृदयाचा विद्युत्-आलेख काढला, रक्त तपासावयास पाठविलें, आणि दर चार तासांनीं रक्तांतील पोटॅशियम पुन्हां मोजावें असें परिचारिकेस बजाविलें. दोन रात्री तेथें काढून मुलगा सुखरूप घरीं आला.

त्याची थोरली बहीण आमच्याच शाळेंत दहावींत आहे. ती त्या दिवशीं आमच्याबरोबर रुग्णालयांत होती व डॉक्टरांचें बोलणें तिनें ऐकिलें होतें. पुढील आठवड्यांत शास्त्राच्या तासास तिनें उभें राहून विचारिलें, "सर, बिट्टींत पोटॅशियम फार असतें काय?"

आम्हीं म्हटलें, "नाहीं."

"मग माझ्या भावाच्या रक्तांत जें वाढेल अशी भीति होती, तें येणार कोठून होतें?"

आम्हीं सांगितलें कीं, तें त्याच्या स्वतःच्याच शरीरांतून येणार होतें. तिचें समाधान झालें नाहीं, आणि तें न होणें हेंच तिच्या बुद्धीस शोभणारें होतें. कारण एका वाक्यांत सांपडणारें हें उत्तर नव्हे. तें सविस्तर द्यावें ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे. पालकांनींही तो वाचावा अशी आमची विनंति आहे.

आपलें शरीर पेशींचें बनलेलें आहे हें सातवींतील मुलासही ठाऊक असतें. प्रत्येक पेशी एका अतिशय पातळ पटलानें वेढिलेली असते. एका मिलिमीटरचे दोन लक्ष भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी ह्या पटलाची जाडी भरते. तें मुख्यत्वें स्निग्ध द्रव्याच्या दोन थरांचें असतें. पटलाच्या आंत पाणी, बाहेरही पाणी. आणि दोन्हींकडे क्षार विरघळलेले. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे सोडियम व क्लोरीन हे घटक विलग होऊन विद्युद्भारित कणांच्या रूपानें हिंडूं लागतात. अशा कणांस आयन असें नांव आहे. सोडियम व पोटॅशियम ह्या दोहोंचे आयन धनभारित असतात, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तीं दोन भावंडेंच होत.

आतां एक विलक्षण गोष्ट पाहा. एका लिटर रक्तद्रवांत सोडियमचे सुमारे १४० मिलिमोल असतात व पोटॅशियमचे अवघे ४. उलट पेशीच्या आंत पोटॅशियम सुमारे १४० आणि सोडियम केवळ १० ते १५. मिलिमोल हें माप कणांची संख्या मोजण्याचें आहे, वजन मोजण्याचें नव्हे, एवढें ध्यानीं ठेविलें म्हणजे पुरे. बाहेर समुद्रासारखें खारें पाणी, आंत मात्र त्याच खाऱ्यांतील एका भावंडास बाहेर ठेवून दुसऱ्याची दाटी केलेली, अशी ही स्थिति आहे. प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतें. त्यांपैकीं पेशींच्या बाहेर, रक्तांत व इतर द्रवांत मिळून, शेंकडा दोनच भाग असतात. ही संख्या विद्यार्थ्यांनीं टिपून ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

ह्यांत विलक्षण तें काय, असें कोणी म्हणेल. तर त्यानें आठवावें कीं, चहांत साखरेचा खडा टाकून तो न ढवळतां ठेविला, तरी कांहीं वेळानें गोडी सर्व पेल्यांत पसरते. वर्गाच्या एका कोपऱ्यांत उदबत्ती लाविली कीं तिचा वास दुसऱ्या कोपऱ्यांतील मुलास येतो. जेथें दाटी आहे तेथून विरळ जागेकडे कण आपोआप पसरत जातात व शेवटीं सर्वत्र सारखे होतात. मग पेशीच्या आंतलें पोटॅशियम बाहेर व बाहेरचें सोडियम आंत येऊन हा भेद केव्हांच नाहींसा व्हावयास पाहिजे होता. तो जन्मभर कसा टिकतो?

पूर्वींच्या शास्त्रज्ञांचें उत्तर सोपें होतें: पटल सोडियमला वाटच देत नाहीं. आम्ही विद्यार्थी असतांना कांहीं जुन्या पुस्तकांतून हेंच वाचलें होतें, आणि शिक्षक झाल्यावर पहिलीं कांहीं वर्षें मुलांस हेंच शिकविलेंही. परंतु हें मत तेव्हांही शिळेंच झालेलें होतें. १९३० नंतरच्या दशकांत किरणोत्सर्गी सोडियम प्रयोगशाळांच्या हातीं आलें. ह्या सोडियमचे कण आपला ठावठिकाणा किरणांच्या द्वारें आपणच कळवितात. ते रक्तद्रवांत सोडले असतां कांहीं काळानें पेशींच्या आंत सांपडूं लागले. म्हणजे वाट आहे. सोडियम सारखें आंत झिरपत असतें, पोटॅशियम सारखें बाहेर गळत असतें. आणि तरीही भेद कायम!

कोंकणांतील आमच्या वाचकांस ह्याचा दृष्टांत घरचाच आहे. जुनी लांकडी होडी कितीही नीट बुजविली, तरी फळ्यांच्या फटींतून तिच्यांत थोडें थोडें पाणी येतच असतें. ती बुडत नाहीं ती फटी नसतात म्हणून नव्हे. तिच्या तळाशीं बसलेला एक पोऱ्या डब्यानें तें पाणी सारखें उपसून बाहेर टाकीत असतो म्हणून. किनाऱ्यावरून पाहणारास होडी तेवढी तरंगतांना दिसते, पोऱ्या दिसत नाहीं. तो दमला किंवा त्यास झोप लागली, कीं मग त्याचें महत्त्व कळतें. १९४१ सालीं अमेरिकेंतील आर. बी. डीन ह्या शास्त्रज्ञानें स्नायूंच्या पेशींविषयीं लिहितांना असाच तर्क केला कीं, पेशींत सोडियम बाहेर टाकणारा एखादा पंप असला पाहिजे.

त्याच सुमारास रक्तपेढ्यांतून एक पुरावा मिळाला, आणि तो आम्हांस फार आवडतो, कारण तो कोणत्याही मोठ्या यंत्रावांचून समजतो. माणसाचें रक्त बाटलींत भरून थंडींत ठेविलें असतां दिवसेंदिवस त्याच्या तांबड्या पेशींतील पोटॅशियम बाहेर गळतें व सोडियम आंत शिरतें. आजही रक्तपेढींत जुन्या झालेल्या रक्ताच्या द्रवांत पोटॅशियम वाढलेलें आढळतें तें ह्यामुळेंच. परंतु हेंच थंड रक्त शरीराच्या उष्णतेइतकें, म्हणजे ३७ अंशांपर्यंत, ऊन केलें व त्यांत द्राक्षशर्करा असली, म्हणजे पेशी गेलेलें पोटॅशियम पुन्हां आंत ओढूं लागतात व सोडियम बाहेर काढूं लागतात. दाटी जिकडे अधिक आहे तिकडेच, प्रवाहाच्या उलट. म्हणजे पोऱ्या थंडीनें गारठला होता. ऊब मिळाली, खावयास मिळालें, आणि तो पुन्हां उपसूं लागला. खाण्याचा उल्लेख आम्ही थट्टेनें करीत नाहीं. उताराकडे पाणी आपण वाहतें, पण विहिरींतून वर काढावयाचें तर मोटेस बैल जुंपावे लागतात व बैलांस वैरण घालावी लागते.

ही वैरण कोणती, ह्याचा शोध माकूळ नामक समुद्रजीवांवर लागला. ह्या प्राण्यांच्या कांहीं मज्जातंतूंची जाडी आपल्या मज्जातंतूंच्या शेकडों पट, नुसत्या डोळ्यांस दिसण्याइतकी, असते. त्यांत सुई घालतां येते. इंग्लंडांत हॉजकिन व कीन्स ह्यांनीं १९५५ सालीं दाखवून दिलें कीं, पेशीचा शक्तिव्यवहार थांबविणारीं विषें घातलीं म्हणजे तंतूंतून सोडियम बाहेर पडणें जवळजवळ बंद होतें, आणि विष धुऊन काढलें कीं पुन्हां चालू होतें. पुढें १९६० सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विष दिलेल्या तंतूंत शक्ति वाहून नेणारीं फॉस्फेटें सुईनें घातलीं, तों थांबलेला उपसा पुन्हां सुरू झाला. ह्या फॉस्फेटांत मुख्य तें ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट. त्याच्या लांबलचक नांवाऐवजीं सर्वत्र ए. टी. पी. म्हणतात. आपण खाल्लेल्या भाकरींतील शक्ति पेशी प्रथम ह्या पदार्थांत सांठविते व मग जेथें लागेल तेथें खर्च करिते. रुपयाच्या नोटेपेक्षां सुट्या नाण्यांनीं बाजार करणें सोयीचें, तसेंच हें.

विद्यार्थ्यांच्या मनांत येथें एक चुकीची समजूत शिरते, ती आधींच काढून टाकूं. मज्जातंतूंतून संदेश जातो तो सोडियम क्षणभर आंत शिरल्यानें व लगेच पोटॅशियम बाहेर पडल्यानें. म्हणून प्रत्येक संदेशास हा उपसा तत्काळ लागतो, असें परीक्षेच्या पुष्कळ उत्तरपत्रिकांत आढळतें. तसें नाहीं. विषानें उपसा थांबविलेला माकुळाचा जाड तंतु त्यानंतरही हजारों संदेश वाहून नेऊं शकतो. एका संदेशाला लागणारे आयन फार थोडे. उपसा हा टांकी भरून ठेवणारा आहे, नळ सोडणारा नव्हे. पण टांकी कोणी भरलीच नाहीं, तर नळास पाणी किती दिवस येईल?

आतां राहिला मुख्य प्रश्न: तो पोऱ्या कोण? ह्याचें उत्तर डेन्मार्क देशांतील ऑर्‌हूस येथें, एका डॉक्टरानें, खेकड्यांच्या पायांतून काढलें.

येन्स ख्रिश्चन स्कौ ह्यांचा जन्म १९१८ सालीं लेमवी ह्या किनाऱ्यावरील गांवीं झाला. ते शस्त्रक्रियेकडे वळलेले वैद्य. बधिर करणारीं औषधें मज्जातंतूस बधिर कशीं करितात ह्याचा ते अभ्यास करीत होते. पंप शोधावयास ते निघालेच नव्हते. पटलांत राहणारें एखादें विकर त्यांस आपल्या प्रयोगांसाठीं हवें होतें. मज्जातंतूंच्या पटलांत ए. टी. पी. फोडणारें विकर असतें असें त्यांस कळलें होतें, म्हणून त्यांनीं किनाऱ्यावरील खेकड्यांच्या पायांतील मज्जातंतु काढून ते वाटले व त्या वाटणांत ए. टी. पी. घालून तें किती वेगानें फुटतें हें मोजावयास आरंभ केला. शेवटीं जें हातीं आलें तें असें. मॅग्नेशियम असावें लागे, पण तेवढ्यानें क्रिया मंद चाले. नुसतें पोटॅशियम घातल्यानें ती वाढत नसे, नुसत्या सोडियमनेंही फारशी नाहीं. सोडियम व पोटॅशियम दोन्ही एकत्र घातलीं, म्हणजे मात्र ती एकदम वेग घेई.

हें वाचून अंगावर कांटा उभा राहावा असें आम्हांस वाटतें. जीं दोन भावंडें पटलाच्या दोन बाजूंस ठेविलेलीं, त्या दोघांची उपस्थिति मागणारें आणि शक्तीचें नाणें मोडणारें हें विकर. तें पंपाशिवाय दुसरें काय असणार! पण स्कौ हे सावध गृहस्थ होते. १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निबंधाच्या मथळ्यांत पंप हा शब्दही नाहीं. मज्जातंतूंतील एका विकरावर कांहीं धनभारित आयनांचा परिणाम, एवढाच त्याचा आशय आहे. पुढल्या वर्षीं व्हिएन्ना येथील परिषदेंत त्यांची अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट पोस्ट ह्यांच्याशीं गांठ पडली. पोस्ट तांबड्या रक्तपेशींवर काम करीत होते. १९५३ सालीं स्वित्झर्लंडचे शाट्समान ह्यांनीं असें दाखविलें होतें कीं, हृदयावर परिणाम करणाऱ्या कांहीं वनस्पतिजन्य पदार्थांनीं ह्या पेशींतील उपसा बंद पडतो. अशा पदार्थांपैकीं वाबेन हा एक. आफ्रिकेंतील शिकारी तो झाडांपासून काढून बाणांच्या टोंकांस लावीत. तुमचें विकर वाबेननें थांबतें काय, असें पोस्टनीं विचारिलें. स्कौंस तो पदार्थच माहीत नव्हता. त्यांनीं ऑर्‌हूसला प्रयोग करून पाहावयास कळविलें. विकर थांबलें. खेकड्याच्या पायांतील विकर व रक्तपेशींतील पंप ही एकच वस्तु होय, अशी खूण पटली. चाळीस वर्षांनीं, १९९७ सालीं, रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग स्कौंस देण्यांत आला. २०१८ सालीं, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षीं, ते वारले.

हा पंप म्हणजे पटलांत आरपार बसलेलें एक मोठें प्रथिन आहे. २००७ सालीं ऑर्‌हूस येथीलच संशोधकांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें डुकराच्या मूत्रपिंडांतील ह्या प्रथिनाची घडण कणाकणांनीं उलगडली. त्याची चाल जुन्या वाड्याच्या देवडीसारखी आहे. देवडीस दोन दारें. बाहेरचें उघडावयाचें तर आंतलें बंद हवें, आंतलें उघडावयाचें तर बाहेरचें. प्रथम आंतल्या बाजूचें दार उघडें असतें व तीन सोडियम आयन आपापल्या जागीं येऊन बसतात. मग ए. टी. पी. चा एक फॉस्फेट तुकडा प्रथिनास चिकटतो. त्या धक्क्यानें प्रथिनाचा आकार पालटतो, आंतलें दार मिटतें व बाहेरचें उघडतें. पालटलेल्या आकारांत सोडियमला ती जागा बसत नाहीं. तिन्ही आयन बाहेर सुटतात. तीच जागा आतां पोटॅशियमला बरोबर बसते. दोन पोटॅशियम आयन आंत येतात, फॉस्फेट गळून पडतें, प्रथिन पूर्वस्थितीवर येतें व पोटॅशियम पेशींत सोडलें जातें. तीन बाहेर, दोन आंत, खर्च एक ए. टी. पी. हा फेरा एका सेकंदांत शंभराच्या आसपास वेळां होऊं शकतो, आणि एका पेशीवर असे पंप हजारोंनीं, कित्येक जातींच्या पेशींवर लाखोंनीं असतात.

"पेशीला सोडियम नको असतें, म्हणून ती तें बाहेर टाकिते," असें मुलें लिहितात, आणि आम्हीही बोलण्याच्या ओघांत म्हणतों. परंतु पेशीस नको-हवें कांहीं नाहीं. कोणत्या आकारास कोणता कण बसतो व शक्तीचें नाणें केव्हां मोडतें, एवढ्यावर हें सर्व चालतें. आणि तें तसें चालतें हें कळल्यावर आमचें आश्चर्य कमी न होतां वाढलेंच आहे.

ह्या उपशाचा खर्च थोडाथोडका नाहीं. आपण स्वस्थ निजलों असतांना शरीर जी शक्ति खर्च करितें, तिचा सुमारें पांचवा ते चौथा हिस्सा ह्या एका पंपावर जातो. मेंदूंत तर निम्म्याच्या आसपास. अभ्यास न करतां नुसता बसून राहणारा विद्यार्थी आपण कांहींच काम करीत नाहीं अशी समजूत करून घेत असेल, तर त्याच्या पेशी त्याच्याहून उद्योगी आहेत असें त्यास कळवावयास हरकत नाहीं.

आतां त्या बहिणीच्या प्रश्नाकडे वळूं. बिट्टीच्या बींत थेवेटिन व त्याच्याच जातीचे इतर पदार्थ असतात. ते वाबेनचे सख्खे नातेवाईक. तांबड्या-पांढऱ्या फुलांच्या कण्हेरींतही त्याच कुळांतील पदार्थ असतात. हे बाहेरच्या बाजूनें पंपास जाऊन चिकटतात व देवडीचें दार अडवून धरितात. पोऱ्या थांबतो, फटी मात्र तशाच राहतात. पोटॅशियम पेशींतून नेहमींप्रमाणें गळतें, पण परत आंत येत नाहीं. आतां वरील संख्या आठवा. शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव भाग आंत, दोन बाहेर. आंतील अठ्ठ्याण्णवांतून केवळ दोन भाग जरी बाहेर आले, तरी बाहेरचें पोटॅशियम दुप्पट झालें! आंतल्या सांठ्यास ती तूट जाणवणारही नाहीं. रक्तांत मात्र चाराचे आठ होतील, आणि इतक्यानें हृदयाचे ठोके बंद पडूं शकतात. म्हणून डॉक्टर दर चार तासांनीं तें मोजावयास सांगत होते. बिट्टीनें पोटॅशियम आणिलें नाहीं. घरांतलेंच तिनें बाहेर काढूं पाहिलें.

हृदयावर दुसरा घाला होतो तो असा. हृदयाच्या पेशींत आणखी एक प्रथिन आहे. तें सोडियमला आंत येऊं देतें, आणि त्या आंत येण्याच्या जोरावर कॅल्शियम बाहेर ढकलितें. पंप मंदावला कीं आंत सोडियम सांचतें, त्याचा आंत येण्याचा जोर ओसरतो, आणि कॅल्शियम पेशींत राहून जातें. कॅल्शियम वाढलें म्हणजे हृदय अधिक जोरानें आकुंचन पावतें. मौज ही कीं, फार थोड्या प्रमाणांत हाच परिणाम औषध ठरतो. इंग्लंडांतील विल्यम विदरिंग ह्या वैद्यानें श्रॉपशर परगण्यांतील एका वृद्धेच्या गुप्त काढ्यांतून डिजिटॅलिस ही वनस्पति हुडकून काढली व सुजेच्या रोग्यांवरील तिच्या गुणांविषयीं १७८५ सालीं ग्रंथ लिहिला. तिच्याच कुळांतील डिजॉक्सिन हें औषध हृदयरोगावर आजही देतात. परंतु उपकारक मात्रा व अपकारक मात्रा ह्यांत अंतर इतकें थोडें, कीं डॉक्टर तें फार जपून देतात. बिट्टीच्या बींत किती विष आहे हें कोणी मोजलेलें नसतें. लहान मुलास एक बीही घातक होऊं शकते. पालकांनीं घरगुती उपाय करीत बसूं नये, ओकारी काढण्याच्या खटपटींतही वेळ दवडूं नये. खाल्लेल्या फळाचा तुकडा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गांठावें. लिंबाच्या सरबताचा अनुभव आम्ही वर दिलाच आहे.

पंपाची ही एकच कामगिरी नव्हे. आपलीं मूत्रपिंडें दररोज सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळतात व त्यांतील शेंकडा नव्व्याण्णव भाग पुन्हां शोषून घेतात, तें ह्याच पंपाच्या बळावर. जठरांत ह्याचाच एक चुलतभाऊ असतो. तो हायड्रोजनचे आयन उपसून अन्न पचविणारें आम्ल तयार करितो, आणि आम्लपित्तावर जी ओमेप्राझोलची गोळी घेतात ती त्या चुलतभावास गप्प बसविते. वनस्पतींच्या मुळांत मुख्य उपसा सोडियमचा नसून हायड्रोजनचा असतो. परंतु ज्या एका कामाविषयीं आम्हांस विस्तारानें लिहिल्यावांचून राहवत नाहीं, तें आंतड्यांतील होय.

आंतड्याच्या पेशींत मागील बाजूस, रक्ताकडे, हा पंप असतो. तो सोडियम सारखें उपसून टाकितो, म्हणून पेशींत सोडियम नेहमीं कमी. पुढील बाजूस, अन्नाकडे, एक निराळें प्रथिन असतें. तें सोडियमला आंत घेतें, पण एकट्यास नव्हे. बरोबर द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, असेल तरच. ही जोडी रॉबर्ट क्रेन ह्या शास्त्रज्ञानें १९६० सालीं प्रथम सुचविली. सोडियम व साखर आंत गेलीं कीं त्यांच्यामागून पाणी जातें. पटकीच्या रोगांत आंतड्यांतून पाणी लोटत असतें, नुसतें पाणी पाजलें तर तेंही वाहून जातें. परंतु पटकीचें विष ह्या जोडीच्या वाटेस धक्का लावीत नाहीं. ती वाट शाबूत राहते. म्हणून मीठ व साखर दोन्ही योग्य प्रमाणांत असलेलें पाणी रोग्याच्या अंगीं लागतें, आणि दोहोंपैकीं एकच घातलें तर तितकें लागत नाहीं.

१९७१ सालीं पूर्व बंगालमधून लाखों निर्वासित आपल्या देशांत आले, तेव्हां बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ उसळली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें होतें. रुग्णालयाच्या जमिनीवर रोगी पडलेले होते. तेथें डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ह्यांचें मिश्रण पाण्यांत कालवून तें रोग्यांच्या नातलगांच्याच हातून पाजविण्याचें धाडस केलें. तोंडानें पाजावयाच्या पाण्यावर त्या काळीं पुष्कळ वैद्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा चारांच्याही खालीं आलें. त्यापूर्वीं तें शेंकडा तीसच्या घरांत होतें. डॉ. महालनबीस २०२२ सालीं वारले व पुढल्या वर्षीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें. त्या मिश्रणाची सुधारलेली पुडी आज प्रत्येक औषधाच्या दुकानांत मिळते. ती हाताशीं नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावें. मीठ ह्याहून अधिक पडूं देऊं नये, अंदाजानें मूठभर तर मुळींच नाहीं. मुलास हगवण लागली म्हणजे त्याचें पाणी तोडावयाचें, ही जुनी रीत आमच्याही आजीची होती. तिच्या काळीं हें कोणासच ठाऊक नव्हतें. आतां ठाऊक झालें आहे.

त्या बहिणीनें हा लेख छापावयास जाण्यापूर्वीं वाचला. अठ्ठ्याण्णव व दोन ह्यांचा हिशेब तिनें वहींत पुन्हां करून पाहिला, आणि देवडीच्या दृष्टांताखालीं पेन्सिलीनें एक प्रश्न लिहून ठेविला: तीन धनभार बाहेर जातात व दोनच आंत येतात, तर दर फेऱ्यास एक धनभार बाहेर जास्त जातो, मग पेशीची आंतली बाजू ऋणभारित होत नाहीं काय? होते, थोडीशी ह्यामुळें व पुष्कळशी पोटॅशियमच्या गळतीमुळें. त्याविषयीं आतां तिच्या वर्गास एक तास निराळा द्यावा लागणार आहे. झाडांचें म्हणाल, तर तीं तोडावींत असा कांहीं पालकांचा आग्रह होता. मैदानाकडील तीन तोडलीं. रस्त्याकडील दोन ठेविलीं आहेत, आणि नववीचीं मुलें दर शनिवारीं त्यांखालचीं फळें वेचून पुरतात. पांचवींतील तो मुलगा आपण होऊन त्यांच्याबरोबर टोपली धरावयास जातो.